पाटीवरची उर्दू जिंकली, घरातल्या बोलीचं काय?

१५ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा पातूरचा निकाल आला, तेव्हा आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुबारकबादचे मेसेज फिरले. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या नव्या इमारतीवर मराठीच्या खाली उर्दूत नाव लिहिले होते. एका माजी नगरसेविकेने त्याला हरकत घेतली. १९५६ पासून आम्ही उर्दू वापरत आलो आहोत, असे सांगत नगरपरिषदेने २०२० मध्ये ती हरकत फेटाळली. मग जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, नागपूर खंडपीठ असा प्रवास करत प्रकरण दिल्लीला गेले. न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी पाटी कायम ठेवली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, भाषा त्या प्रदेशाची आणि तिथल्या माणसांची असते आणि उर्दू इथल्याच मातीत जन्मली, असा त्या निकालाचा गाभा.

गंमत बघा, दुसऱ्याच दिवशी, १६ एप्रिलला, राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा जीआर काढला. त्यावरून महाराष्ट्र किती तापला, १७ जूनला सुधारित जीआर कसा आला आणि २९ जूनला दोन्ही जीआर मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती कशी नेमावी लागली, हे आपण सगळ्यांनी पाहिले. त्याच दिवसांत आमच्या वर्गात एका मुलीने विचारले, "उर्दू धर्माची नाही, हिंदी आपली नाही, मराठी शाळेतला विषय आहे. मग आपण घरी बोलतो ती कोणती?" ती घरी दखनी बोलते. पण दखनी हा शब्द तिला माहीत नव्हता. "आम्ही असंच बोलतो, बिघडलेलं," असे ती म्हणाली.

ते 'बिघडलेलं' आमच्या डोक्यातून काही जाईना. मुलांना समजेल असे काही दाखवावे म्हणून आम्ही काही शिक्षकांनी मिळून भाषांवरचे माहितीपट शोधायला सुरुवात केली. इंग्रजीत असे माहितीपट बरेच आहेत. त्यातले दोन आपल्या समाजातल्या प्रत्येक आईबापाने पाहावेत असे वाटले, म्हणून हा लेख. दोन्ही इंग्रजीतच आहेत. घरातल्या कॉलेजच्या पोराला शेजारी बसवा, तो अर्थ सांगेल.

पहिला आहे 'द लिंग्विस्ट्स', २००८ चा. सेठ क्रेमर, डॅनियल मिलर आणि जेरेमी न्यूबर्गर हे त्याचे दिग्दर्शक. डेव्हिड हॅरिसन आणि ग्रेगरी अँडरसन हे दोन अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मरणाच्या दारात असलेल्या भाषा रेकॉर्ड करायला जगभर हिंडतात आणि कॅमेरा त्यांच्या मागे हिंडतो.

सैबेरियात चुलिम नावाची भाषा बोलणारी काही मोजकी माणसे उरली आहेत, ही बातमी घेऊन दोघे तिथे पोहोचतात. एक गाडीवाला ठरवतात आणि गावोगाव फिरतात. जे म्हातारे सापडतात त्यांना ऐकू येत नाही, कुणाला जुने आठवत नाही, कुणी बोलायलाच तयार नाही. आणि मग कळते की भाषा तर गाडीच्या पुढच्या सीटवर बसलेली आहे! तो गाडीवाला स्वतः चुलिम उत्तम बोलतो. ती अस्खलित बोलणाऱ्यांत तो वयाने सर्वांत लहान निघतो, म्हणजे पन्नाशीचा. इतके दिवस ही पाहुणी माणसे त्याच्याच भाषेसाठी वणवण करत होती आणि तो गप्प बसून गाडी चालवत होता.

का गप्प होता? कारण त्याला लाज वाटत होती. सोव्हिएत काळात शाळेत चुलिम बोलले की मुलांची हेटाळणी व्हायची, शिक्षा व्हायची. आईबापांनी मग घरातही रशियन सुरू केली. तरी या माणसाने एक विलक्षण गोष्ट केली होती. चुलिमला लिपी नव्हती, तर त्याने रशियन अक्षरे वापरून ती लिहायची स्वतःची पद्धत बसवली आणि शिकारीची डायरी त्या भाषेत लिहायला घेतली. कुठल्या विद्यापीठाने सांगितले नव्हते की अनुदान मिळाले नव्हते. एकदा ती डायरी त्याने कुणा ओळखीच्याला दाखवली. त्याने टिंगल केली. याने ती फेकून दिली आणि पुन्हा लिहिले नाही.

आम्ही हा प्रसंग दोनदा थांबवून पाहिला. सरकारने भाषेवर बंदी घातली तर माणूस लपूनछपून का होईना बोलतो. पण आपल्याच माणसाच्या हसण्याने भाषा एका दुपारीत बंद पडते. आता आपल्या घरात काय चालते ते आठवा. नांदेडचा, सोलापूरचा, अहिल्यानगरचा पोरगा मुंबईत किंवा भिवंडीत शिकायला जातो, 'मेरेकु नक्को' म्हणतो आणि सगळा वर्ग हसतो. हसणारेही आपलेच असतात. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांच्या घरात आजी-आजोबा आपल्या कोकणी बोलीत बोलतात, पाहुणे आले की 'साफ उर्दू'वर येतात आणि नातवंडांना ती बोली येतच नाही. आम्हा शिक्षकांचाही यात हात आहे, हे कबूल केले पाहिजे. 'कायकु' म्हणणाऱ्या मुलाला 'क्यों' म्हण म्हणून आपण किती वेळा टोकले असेल! प्रमाण भाषा शिकवणे हे आमचे काम आहे, ते करायचेच. पण तिकडे पोहोचवताना घरची बोली 'गलत' ठरवण्याची काही गरज नव्हती.

दखनी काही बिघडलेली उर्दू नाही. दिल्ली-लखनौच्या उर्दूच्या आधी दख्खनमध्ये, बहमनी, विजापूर आणि गोवळकोंड्याच्या काळात या भाषेत ग्रंथ लिहिले जात होते. तिच्यातला 'नक्को' मराठीतून आला आहे. 'मैंच', 'वहींच' मधला तो ठसक्याचा 'च' सुद्धा मराठीचाच. शाह तुराब नावाच्या सूफी कवीने समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांच्या धर्तीवर दखनीत 'मनसमझावन' लिहिले. उलट्या दिशेने मराठीत काय काय आले ते तर मोजता येणार नाही. अर्ज, हुकूम, दप्तर, कागद, शाई, जमीन, वकील हे शब्द मराठीतून काढले तर तहसील कचेरीचे एका दिवसाचे कामही होणार नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. संत साहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ही देवाणघेवाण काही कुणावर उपकार म्हणून झालेली नाही, शेजारी राहणाऱ्यांच्या भाषा अशाच मिसळतात. त्या मुलीला हे कळले असते तर तिने 'बिघडलेलं' हा शब्द वापरला नसता.

पुन्हा माहितीपटाकडे. सैबेरियातून ही जोडी आपल्याच देशात, ओडिशात येते. तिथे सोरा भाषा आहे, आदिवासींची, मुंडा कुळातली. तिचे बोलणारे काही हजारांत नाहीत, तीन-चार लाख आहेत. मग तिला धोका कसला? धोका असा की मुले निवासी शाळांत जातात, तिथे हिंदी-इंग्रजी शिकतात आणि सुट्टीत घरी येतात तेव्हा आजीशी बोलायला शब्द कमी पडायला लागतात. म्हणजे डोकी लाखोंनी असली तरी भाषा मधल्या एका पिढीत तुटू शकते. सोरात मोजण्याची पद्धत ऐकून तर मुले फार हसली आणि मग विचारात पडली. ९३ म्हणायचे तर सोरा माणूस 'चार वीस, बारा, एक' अशा अर्थाचे शब्द म्हणतो. ऐंशी अधिक बारा अधिक एक. बारा आणि वीस या दोन्हींचा पाया एकाच वेळी! एका मुलाला लगेच आठवले की त्याची नानी अंडी विसाच्या हिशेबाने मोजते, 'तीन वीसा और पाँच' म्हणते. गणिताच्या तासाला जे हाती लागले नसते ते असे लागले.

बोलिव्हियातल्या कल्लावायांचा भाग लहान आहे, पण महत्त्वाचा. हे वैदू लोक. रोजच्या व्यवहाराला ते दुसऱ्या भाषा वापरतात, पण औषधी वनस्पतींची विद्या एका वेगळ्या भाषेत बापाकडून मुलाकडे देतात. बोलणारे शंभराच्या आत, तरी भाषा शतकानुशतके टिकली आहे. कारण त्या भाषेला एक काम आहे आणि ते काम दुसऱ्या भाषेत होत नाही. आपल्याकडे उर्दूला अशी कामे कोणती उरली, हा प्रश्न कडू आहे. मुशायरा, जलसा, तकरीर, शादीचा रुक्का. रुक्काही आता बहुतेक ठिकाणी इंग्रजीत छापतात.

या माहितीपटाची एक गोष्ट आम्हाला खटकली. त्यात नायक म्हणजे ते दोन गोरे प्रोफेसर. ते येतात, रेकॉर्ड करतात, पुढच्या देशात जातात. ज्यांची भाषा आहे ते लोक पडद्यावर मदतीला आलेल्यांसारखे दिसतात. भाषा म्हणजे जणू म्युझियममध्ये ठेवायची वस्तू. टेप वाचली म्हणून भाषा वाचली असे होत नाही.

म्हणून दुसरा माहितीपट जास्त जवळचा वाटला. 'वी स्टिल लिव्ह हिअर', दिग्दर्शिका ॲन मेकपीस, २०१० चा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वाम्पानोआग नावाचे मूळ रहिवासी आहेत. इंग्लंडहून आलेल्या पहिल्या वसाहतवाल्यांशी त्यांचीच गाठ पडली. त्यांची भाषा बोलणारा एकही माणूस शंभराहून अधिक वर्षे उरला नव्हता. मेलेली भाषा, अगदी पूर्ण. जेसी लिटल डो बेअर्ड या त्यांच्यातल्याच एका बाईला स्वप्नात आपले पूर्वज न कळणाऱ्या भाषेत बोलताना दिसू लागले. त्या समाजकार्यात होत्या, भाषेच्या शास्त्राशी काही संबंध नव्हता. पण त्या उठल्या, एमआयटी या नामांकित संस्थेत प्रा. केनेथ हेल यांच्याकडे भाषाशास्त्र शिकल्या, २००० मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली आणि जुन्या कागदांवरून भाषा परत उभी केली.

जुने कागद कोणते? सर्वांत मोठा कागद म्हणजे बायबल. १६६३ मध्ये जॉन एलियट नावाच्या मिशनऱ्याने या भाषेत संपूर्ण बायबल छापून घेतले. उत्तर अमेरिकेत छापलेले ते पहिले बायबल, आणि तेही इंग्रजीत नव्हे! हेतू होता या लोकांना ख्रिस्ती करून त्यांची राहणी बदलण्याचा. पण लोक त्या निमित्ताने आपली भाषा लिहायला शिकले. त्यांनी जमिनीचे दस्त लिहिले, मृत्युपत्रे लिहिली, तक्रारअर्ज लिहिले. तीनशे वर्षांनी तेच कागद कामाला आले. ज्या पुस्तकाने त्यांची ओळख पुसायची होती त्यातूनच त्यांच्या लेकीने शब्द वेचले. आणि त्यांची धाकटी मुलगी मे हिला जन्मापासून त्या भाषेतच वाढवले. कित्येक पिढ्यांनंतर ती भाषा आईकडून शिकलेले हे पहिले मूल.

अल्लाहची कुदरत पाहा. सूरह रूममध्ये माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणे ही त्याच्या निशाण्यांपैकी एक निशाणी सांगितली आहे. सूरह इब्राहीममध्ये प्रत्येक पैगंबर आपल्या कौमच्या भाषेतच पाठवला गेला, हे सांगितले आहे. जुम्याच्या बयानात हे विषय क्वचितच येतात. भाषेला तुच्छ लेखणे म्हणजे निशाणीला तुच्छ लेखणे, हे आपल्याला तरी वेगळे सांगायला नको होते.

आता मुद्द्यावर येऊ. पातूरचा निकाल आपण साजरा केला कारण न्यायालय म्हणाले, भाषेला धर्म नसतो. हे वाक्य दुधारी आहे. दुसऱ्यांनी उर्दूला 'मुसलमानांची भाषा' म्हणून पाटीवरून खाली उतरवू नये, ही एक धार. आणि आपणही 'मुसलमान म्हणजे उर्दू, बाकी सगळे कमअस्सल' असे म्हणू नये, ही दुसरी. पहिली धार आपल्याला आवडली. दुसरीबद्दल कुठल्या ग्रुपवर एक ओळ वाचली नाही.

याचा हिशेब लवकरच कागदावर येणार आहे. पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची आहे. २०११ च्या अर्जात मातृभाषेचा एक रकाना होता आणि त्याशिवाय येणाऱ्या दोन भाषा लिहायची सोय होती. त्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख होते आणि उर्दू मातृभाषा लिहिणारे सुमारे ७५ लाख. म्हणजे पन्नास लाखांहून अधिक मुसलमानांच्या रकान्यात दुसरेच काही लिहिले गेले. देशभरात २००१ मध्ये उर्दूवाले सुमारे ५ कोटी १५ लाख होते, २०११ मध्ये ते ५ कोटी ७ लाखांवर आले. लोकसंख्या वाढली आणि आकडा घटला.

हे आकडे दाखवून दोन प्रकारची आवाहने फिरतील याची आम्हाला खात्री आहे. एक म्हणेल, प्रत्येक मुसलमानाने उर्दूच लिहा, नाहीतर शाळा बंद पडतील. दुसरे म्हणेल, महाराष्ट्रात राहता तर मराठीच लिहा. शाळांची भीती खोटी नाही. उर्दू शाळेतला पट किती भराभर उतरतो हे आम्ही रोज पाहतो. पण पट उतरतो तो जनगणनेमुळे नाही. आईबाप मुलाचे नाव इंग्रजी शाळेत घालतात म्हणून उतरतो, आणि त्यांनाही आम्ही दोष देऊ शकत नाही. नोकरी इंग्रजीत आहे. ज्यांची स्वतःची मुले इंग्रजी शाळेत आहेत अशा वक्त्यांनी उर्दूच्या स्टेजवरून त्यांना झोडपू नये, एवढेच.

रकान्यात काय लिहायचे याचे आमचे उत्तर साधे आहे. घरात आई मुलाशी जे बोलते ते. उर्दू असेल तर उर्दू, ठासून. कोकणी असेल तर कोकणी. दखनी असेल तर दखनी, आणि अर्ज भरणारा कर्मचारी "म्हणजे हिंदीच ना?" म्हणाला तर "नाही, दखनी लिहा" असे शांतपणे सांगायचे. मराठी असेल तर मराठी. खेड्यापाड्यात अशी मुसलमान घरे कितीतरी आहेत जिथे पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलली जाते, आणि त्यांच्या दीनदारीत त्याने काडीचाही फरक पडलेला नाही. मदतीला आलेली शिक्षक मंडळी पुष्कळदा नाव ऐकून भाषा ठरवतात. मोहम्मद म्हटले की उर्दू. त्यांनी विचारल्याशिवाय लिहू नये आणि आपण सांगितल्याशिवाय राहू नये. पुढे हे आकडे कुणी कसे मांडेल, कुठल्या भाषेत कुठली बोली मिसळेल, ते आपल्या हातात नाही. सांगणे आपल्या हातात आहे.

लिपीचा प्रश्न वेगळा आणि जास्त तातडीचा आहे. इंग्रजी शाळेतले आपले मूल उर्दू बोलते, समजते, पण वाचू शकत नाही. कुरआन शरीफ नाजरा वाचते म्हणजे अक्षरे त्याला येतात! अरबी अक्षरांत पे, चे, टे, डाल, गाफ अशी थोडी अक्षरे आणि जोडण्याची सवय वाढवली की उर्दू वाचता येते. मकतबमध्ये रोज पंधरा मिनिटे दिली तर एका वर्षात मूल घरातले जुने पोस्टकार्ड वाचायला लागेल. ही पोस्टकार्डे, मेहरचे कागद, आजोबांच्या वह्या फेकू नका. वाम्पानोआगांची भाषा अशाच कागदांवर तगली होती.

राहिले बोलींचे. त्यांच्यावरचा माहितीपट बनवायला अमेरिकेतून कुणी येण्याची वाट पाहू नये. 'द लिंग्विस्ट्स'मध्ये ते दोघे काय विचारतात? एक ते दहा कसे मोजता, हात-पाय-डोळ्याला काय म्हणता, पाऊस पडतोय हे कसे म्हणता. बस. मग गोष्टी, गाणी, धंद्यातले शब्द. आपल्या प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख बोलून घ्यायची, त्यांची परवानगी घ्यायची आणि फाईल दोन ठिकाणी ठेवायची.

आम्ही सुट्टीत नववीच्या मुलांना हे करायला सांगितले. तेहतीसपैकी अकरा जणांनी आणले. त्यात सुरुवातीला उल्लेख केलेल्या मुलीचेही होते. तिच्या दादीने हातमागावर उमेदीची वर्षे काढलेली. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला दादीचा आवाज येतो, "पैले दरवाजा लगा. लोगां सुने तो हसेंगे." दार लावल्याचा आवाज येतो. मग ती ताणा, बाणा, धोटा अशी नावे घेत सुरुवात करते आणि थांबतच नाही. चाळीस मिनिटांनी फोनची मेमरी संपली. मुलगी म्हणाली, दादी अजून बोलतच होती.